जटायूला देह देणारा चित्रकार

नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद नावाचे गाव आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी झुंज देऊन जटायू जेथे कोसळला ती जागा हीच, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. तेथून शेकडो कोस दक्षिणेला, केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील चडयमंगलम या गावीही एक प्रचंड खडक आहे आणि त्याच्याविषयीही हीच कथा सांगितली जाते. २०१८ साली या खडकावर सुमारे दोनशे फूट लांबीचे जटायूचे शिल्प लोकांसाठी खुले झाले. एकाच पक्ष्याच्या पतनाच्या या दोन जागा दोन भाषांच्या प्रदेशांत आहेत. मात्र टाकेदच्या भाविकाला आणि चडयमंगलमच्या पर्यटकाला डोळे मिटून जटायू आठवायला सांगितला, तर दोघांनाही बहुधा एकच चित्र दिसेल. तलवार उगारलेला रावण, हाताने डोळे झाकून घेणारी सीता आणि पंख छाटला गेलेला तो वृद्ध गिधाडराज. हे चित्र राजा रविवर्मा यांचे. त्यांचे जन्मगाव किळिमानूर चडयमंगलमच्या त्या खडकापासून फार दूर नाही.

रविवर्म्यांच्या सरस्वतीवर आणि लक्ष्मीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारखे १९४२ च्या हुतात्म्यांमुळे ओळखले जाणारे गाव असो की गिरगावातील चाळ असो, देवघराच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरींची कुळी शोधू लागलो की वाट बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच जाऊन थांबते. परंतु देवतांपेक्षाही अवघड असा एक प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्याची चर्चा क्वचितच होते. देवीला निदान माणसाचे रूप असते. ज्या प्राण्याला कोणी कधी पाहिलेले नाही, जो बोलतो, मैत्री निभावतो आणि धर्मासाठी प्राण देतो, असा पुराणातील पक्षी खराखुरा वाटेल असा कसा रंगवायचा? रविवर्म्यांचे अवघे आयुष्य एका अर्थाने या प्रश्नाशी चाललेली झटापट होती. त्या झटापटीतला सर्वांत मोठा डाव ते महाराष्ट्राच्या भूमीवर खेळले आणि त्यात हरलेही.

चुन्याच्या भिंतीवरील पहिली चित्रे

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथील वाड्यात झाला. वडील संस्कृत आणि आयुर्वेदाचे जाणकार, तर आई उमांबाबाई स्वतः काव्यरचना करणारी. घरात कथकळीचा, पुराणकथांचा आणि संस्कृत काव्याचा राबता होता. लहान रवी वाड्याच्या पांढऱ्या भिंतींवर कोळशाने प्राण्यांची चित्रे काढी, असे सांगतात. मामा राजराज वर्मा हे तंजावर शैलीत चित्रे काढणारे हौशी चित्रकार होते. भाच्याच्या हातातील गुण त्यांनी ओळखला आणि पहिले धडे दिले.

तंजावर शैली म्हणजे सोन्याचा वर्ख, खडे, ठसठशीत रंग आणि समोर पाहणारी स्थिर देवता. त्या शैलीतल्या चित्रकाराला देव खरा दिसतो की नाही, ही चिंता नसते. देव ओळखता आला की पुरे. हातात मुरली असली की कृष्ण, सोंड असली की गणपती. भारतातील बहुतेक परंपरागत चित्रशैलींचा हाच नियम. आपल्याकडील पैठण शैलीची चित्रे किंवा सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी पाहिली तर हे सहज पटते. एका बाजूने दाखवलेले चेहरे, माशासारखे मोठे डोळे, जाड रेषा, सपाट रंग. त्या चित्रांतील रावणाची दहा तोंडे एका मानेवर कशी तोलली जातात, असा प्रश्न त्यापुढे बसलेल्या प्रेक्षकाला कधी पडत नाही. सूत्रधार कथा सांगत असतो, चित्र खुणेचे काम करते आणि उरलेले सारे ऐकणाऱ्याचे मन पुरे करते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अशी चित्रे पाहताना ही खुणांची भाषा आजही समजते.

हा अनुभव काही भारतापुरता नाही. उत्तर युरोपातील लोकांच्या पुराणांतही आठ पायांचा घोडा स्लाइप्नीर आहे, सोन्यावर वेटोळे घालून बसलेला फाफ्नीर नावाचा नागासारखा राक्षस आहे. स्वीडनमधील रामसुंद येथील अकराव्या शतकातील शिलाचित्रात हा फाफ्नीर एखाद्या लांबलचक फितीसारखा कोरला आहे. त्या फितीच्या अंगावर प्राचीन लिपीतील अक्षरे आहेत आणि खालून सिगुर्ड हा वीर तिच्यात तलवार खुपसतो आहे. गॉटलंड बेटावरील शिळेवर स्लाइप्नीरचे आठ पाय सरळ मोजून घ्यावेत असे दाखवले आहेत. तेथील जुन्या कारागिरांनीही तंजावरच्या आणि पैठणच्या चित्रकारांसारखेच केले. अद्भुताला खुणेने दाखवले, त्याला हाडामांसाचा देह देण्याचा आग्रह धरला नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र युरोपीय चित्रकारांनी हे सारे तैलरंगात आणले. स्वीडिश चित्रकार मोर्तेन एस्किल विंगे याने १८७२ साली मेघगर्जनेचा देव थोर आणि राक्षस यांच्यातील युद्ध रंगवले. त्या चित्रात स्नायू आहेत, ढग आहेत, उजेड आणि सावली आहे. खुणेची जागा देहाने घेतली. हिंदुस्थानात जवळपास त्याच वर्षांत हेच काम करायला निघालेला माणूस म्हणजे रविवर्मा.

चोरून शिकलेले तैलरंग

चौदा वर्षांच्या रवीला मामा तिरुवनंतपुरमला घेऊन गेले. महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांनी मुलाला आश्रय दिला, राजवाड्यातील चित्रसंग्रह पाहण्याची मुभा दिली. त्या काळी तैलरंगांचे तंत्र ही दरबारी चित्रकारांची मूठ झाकून ठेवलेली विद्या होती. दरबारातील रामस्वामी नायकर यांनी ती या होतकरू मुलाला शिकवण्यास नकार दिला. नायकरांच्याच एका मदतनीसाने रात्री गुपचूप येऊन रंग कसे मिसळायचे, हे त्याला दाखवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार व्यक्तिचित्रे काढण्यासाठी त्रावणकोरला आला. त्यानेही शिकवले नाही. काम करताना जवळ उभे राहून पाहू दिले, एवढेच. रविवर्म्यांचे शिक्षण हे असे दुसऱ्याच्या हाताकडे पाहत झाले. कोणत्याही कलाशाळेत ते गेले नाहीत आणि पुढे नाव झाल्यावरही समुद्र ओलांडून युरोपला गेले नाहीत.

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. पुढे 'शकुंतलेचे पत्रलेखन' हे चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले. मोनिअर-विल्यम्स यांच्या 'शाकुंतल'च्या इंग्रजी भाषांतराच्या आरंभी ते छापले गेले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हा कालिदासाची नायिका मराठी प्रेक्षकांच्या मनातही नव्याने वावरू लागली होती. साहेबाच्या पुस्तकात आणि पुण्याच्या रंगमंचावर एकाच सुमारास शकुंतला उभी राहिली. जुन्या कथांना नवे, दिसणारे, जिवंत रूप हवे होते. काळाची ती मागणीच होती.

बडोद्याची वाट आणि नऊवारीतल्या देवी

रविवर्म्यांना मराठी मुलुखाशी जोडले ते बडोद्याने. त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण झाले होते. सयाजीराव गायकवाडांच्या हाती राज्यकारभार सोपवला जाण्याच्या वेळी, १८८१ साली, रविवर्मा धाकटे भाऊ सी. राजराज वर्मा यांच्यासह बडोद्याला आले. हा भाऊ म्हणजे त्यांचा उजवा हात. तोही कसलेला चित्रकार होता. अनेक चित्रांतील निसर्ग आणि पार्श्वभूमी त्याने रंगवली. प्रवास, पत्रव्यवहार आणि हिशेब तोच सांभाळी. त्याने ठेवलेल्या इंग्रजी रोजनिशीमुळे या दोघांच्या अखेरच्या दशकातील धावपळ आज आपल्याला कळते.

सयाजीरावांनी पुढे रामायण-महाभारतावरील चौदा चित्रांचे काम सोपवले. ते हाती घेण्यापूर्वी दोघा भावांनी उत्तर हिंदुस्थानचा मोठा दौरा केला. पुराणकाळातील माणसे कशी दिसत असतील, कोणता वेश करीत असतील, हे शोधणे हा त्यामागचा हेतू होता. परंतु साऱ्या देशाला आपला वाटावा असा एकच वेश कोठेही सापडण्यासारखा नव्हता. रविवर्म्यांनी स्वतःच निवड केली आणि त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर नऊवारी लुगड्याच्या जवळची नेसण आली. केरळच्या चित्रकाराच्या पौराणिक स्त्रिया मराठी वळणाच्या लुगड्यात वावरू लागल्या आणि मराठी घरांनी त्या आपल्याच मानल्या. १८९० साली ही चित्रे पूर्ण झाली. बडोद्याला पोहोचण्यापूर्वी ती मुंबईत मांडण्यात आली, तेव्हा ती पाहण्यास लोकांनी गर्दी केली. राजवाड्याबाहेरच्या माणसाने एवढ्या मोठ्या आकारातील तैलचित्रे तोवर सहसा पाहिलेलीच नव्हती.

याच वर्षांत अद्भुत प्राण्यांचा प्रश्न ते कसा सोडवीत होते, हे पाहण्यासारखे आहे. त्यांची एक युक्ती अद्भुताला साधे करण्याची होती. 'हंस-दमयंती' या १८९९ च्या प्रसिद्ध चित्रातील हंस पुराणानुसार नलराजाचा बोलका दूत आहे. चित्रात मात्र तो तळ्यातून नुकताच वर आलेला पांढराशुभ्र पक्षी आहे. त्याच्या बोलण्याची खूण त्याच्या चोचीत नाही, ती दमयंतीच्या चेहऱ्यावर आहे. ती इतक्या तन्मयतेने ऐकते आहे की हंस काहीतरी सांगतो आहे, हे पाहणाऱ्याला मान्यच करावे लागते. दुसरी युक्ती जोडकामाची. लक्ष्मी आणि सरस्वती यांना चार हात हवेतच, त्यावाचून त्या देवी ठरत नाहीत. तेव्हा जादा हात अशा सहजतेने बसवायचे की खांद्यापाशी नजर अडखळू नये. शरीररचनेच्या पुस्तकात ज्याला जागा नाही, ते वस्त्र, दागिने आणि प्रकाश यांच्या आधारे नैसर्गिक भासवायचे.

जटायूच्या बाबतीत या दोन्ही युक्त्या अपुऱ्या होत्या. जटायू म्हणजे शोभेचा हंस नव्हता. तो दशरथाचा मित्र होता, म्हातारा होता, आपण हरणार हे जाणून लढणारा होता. त्याच्या चित्रात युद्ध हवे, रक्त हवे आणि पक्ष्याच्या देहात माणसाची करुणाही हवी. रविवर्म्यांनी येथे एक मोठी काटछाट केली. दशाननाची नऊ तोंडे त्यांनी सोडून दिली. त्यांच्या चित्रातील रावण एकमुखी, पिळदार देहाचा, मुकुटधारी पुरुष आहे. दहा तोंडांचा रावण आणि खरा दिसणारा पक्षी एकाच चौकटीत उभे केले असते, तर एकाने दुसऱ्याला खोटे ठरवले असते. जटायूला खरे करण्यासाठी रावणाला माणूस करावे लागले. पक्षी मात्र त्यांनी पूर्णपणे पक्षीच ठेवला. त्याला माणसाचे तोंड दिले नाही, अंगावर दागिना घातला नाही. छाटलेला पंख आणि उरलेल्या पंखाची धडपड यांतूनच त्याचे मन वाचायचे. पाहणाऱ्याला कीव येते ती देवाची नाही, एका जखमी प्राण्याची. आजवर खुणेने ओळखला जाणारा जटायू या चित्रात प्रथमच वेदनेने ओळखला जाऊ लागला.

गिरगाव, प्लेग आणि मळवली

चित्र राजवाड्यात राहिले असते, तर ही कथा कलासमीक्षकांपुरती उरली असती. माधवरावांनी १८८४ मध्येच रविवर्म्यांना पत्राने सुचवले होते की चित्रांची मागणी दोन हातांनी पुरी होणार नाही, तेव्हा ती रंगीत छापून घ्यावीत. दहा वर्षांनी, १८९४ साली, ही कल्पना गिरगावात आकाराला आली. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या भागीदारीत छापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. 'शकुंतलाजन्म' हे येथून निघालेले पहिले चित्र.

हे काम आजच्यासारखे बटण दाबण्याचे नव्हते. मूळ तैलचित्र पाहून कुशल कारागीर त्यातील प्रत्येक रंग वेगळा काढीत आणि तो वेगळ्या दगडावर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवीत. मग एकाच कागदावर एकामागून एक दगडांचे ठसे अचूक जागी उमटवायचे. ठसा केसभर सरकला तरी चेहरा बिघडे. शेवटी वार्निशचा हात दिला की कागद तैलचित्रासारखा चमकू लागे. अशा छापील चित्रांना ओलिओग्राफ म्हणत. पुष्कळ घरांत या चित्रांतील देवतांना जरी आणि टिकल्या लावून कापडाची वस्त्रे नेसवली जात. चित्र विकत घेणाऱ्यासाठी ते कागदावरचे चित्र उरत नसे, त्याची पूजा होई. ज्यांना देवळात पाऊल टाकण्याची मनाई होती, त्यांच्याही घरात या कागदाच्या वाटेने देव आला. रविवर्म्यांच्या कामाची ही बाजू कोणत्याही पदकाहून मोठी आहे.

धंद्याचे गणित मात्र जमले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कामगार गावाकडे पळाले, बाजार थंडावला. छापखाना मुंबईतून हलवावा लागला आणि अखेर लोणावळ्याजवळ मळवली येथे, कार्ल्याच्या लेण्यांच्या परिसरात तो उभा राहिला. भागीदार दूर झाला. कर्जाचे ओझे दोघा भावांवर आले. पन्नाशी ओलांडलेले रविवर्मा या संस्थानातून त्या संस्थानात व्यक्तिचित्रांची कामे घेत फिरत राहिले. राजेरजवाड्यांकडून मिळालेले पैसे मळवलीच्या यंत्रांत जिरत होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी हार मानली. छापखाना आणि त्यासोबत आपल्या चित्रांच्या छपाईचे हक्क त्यांनी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकले. ज्यांनी साऱ्या देशाच्या भिंतींवर लक्ष्मी पोहोचवली, त्यांच्याकडे ती थांबली नाही.

श्लायशर व्यवहारात हुशार निघाला. चित्रांसोबत त्याने आगपेट्यांची वेष्टने आणि जाहिराती छापल्या आणि छापखाना तगवला. फाफ्नीर आणि सिगुर्ड यांच्या कथा ज्या भूमीत वाग्नरच्या संगीतनाटकांतून गाजत होत्या, तेथून आलेल्या या माणसाने पुढची कित्येक वर्षे मावळच्या पायथ्याशी बसून हिंदुस्थानला राम, कृष्ण आणि जटायू पुरवले. १९७२ साली लागलेल्या आगीत या छापखान्याची मोठी हानी झाली.

भावाचा वियोग आणि अखेर

रविवर्म्यांची कीर्ती या काळातही वाढतच होती. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे गेली आणि पदकांनी गौरवली गेली. १९०४ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. १९०० साली त्यांच्या दोन नातींना त्रावणकोरच्या राजघराण्याने दत्तक घेतले. मुलगा रामवर्मा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून चित्रकार झाला. बाहेरून पाहता हे भरलेले आयुष्य होते.

१९०५ च्या जानेवारीत धाकट्या भावाचे निधन झाले. जवळपास पाव शतक ज्याच्या खांद्याला खांदा लावून काम केले, तो निघून गेला. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही मैसूर दरबारासाठी घेतलेली पौराणिक चित्रांची मालिका त्यांनी पूर्णत्वास नेली. त्यांतील एका चित्रात सेतू बांधण्यापूर्वी वाट न देणाऱ्या समुद्रावर राम बाण रोखतो आणि लाटांतून वरुण प्रकट होतो. अदृश्याला देह देण्याचे काम ते शेवटपर्यंत करीत राहिले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

यश आणि त्याची किंमत

मृत्यूनंतर लगेचच त्यांच्यावर टीकेची झोड उठली. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांना त्यांची चित्रे नाटकी आणि परक्या वळणाची वाटली. अवनींद्रनाथ टागोरांच्या बंगाल शैलीने अजिंठा आणि लघुचित्रे यांच्याकडे पाठ न फिरवता नवी वाट शोधली. पुराणातील अद्भुताला युरोपीय तैलरंगात बसवले की त्यातील गूढ निघून जाते, हा त्या टीकेचा गाभा होता. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. दहा तोंडांचा रावण चित्रकथीत जितका भयंकर वाटतो, तितका एकमुखी रावण वाटत नाही, हे मान्य करावे लागते. खुणेत जो मोकळेपणा असतो तो देह दिल्यावर संपतो. एकदा जटायू एका रूपात ठरला की प्रत्येक श्रोत्याच्या मनातला वेगळा जटायू मावळतो.

मात्र मराठी माणसांनी या वारशाचे जे केले त्याकडे पाहिले की दुसरी बाजूही दिसते. मळवलीच्या छापखान्याशी काही काळ संबंध आलेले धुंडिराज गोविंद फाळके पुढे चित्रपटाकडे वळले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी हनुमानाला आणि १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये यमुनेच्या डोहातील नागाला पडद्यावर हलते केले. रविवर्म्यांनी जटायूसाठी सोडवलेला प्रश्नच फाळक्यांपुढे नव्या साधनात उभा राहिला होता. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी किंकेड यांच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या १९१४ च्या पुस्तकासाठी चित्रे काढली, तेव्हा नागोबासह आपल्या व्रतकथा इंग्रजी वाचकांपुढे सचित्र गेल्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ साली स्वतःच्या कुंचल्याने 'चित्ररामायण' सिद्ध केले. पुराणातील अद्भुत चित्रात आणण्याची वाट अनेकांनी पुढे नेली.

दुसरीकडे पिंगुळीच्या चित्रकथीलाही पूर्णविराम मिळाला नाही. छापील तसबिरी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या लाटेत ती मागे पडली, तरी काही घरांनी पोथ्या जपल्या. ही कला टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. १९७९ साली केंद्र सरकारने रविवर्म्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला होता. खुणेचा रावण आणि देहाचा रावण या दोघांनाही अखेर देशाने आपले म्हटले.

बडोद्याच्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रे आजही पाहता येतात. त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर ती छापील तसबिरींहून किती वेगळी आहेत हे जाणवते. रंग अधिक खोल आहेत, सावल्या अधिक मऊ आहेत. छपाईत पुष्कळ काही हरवले होते. तरीही देशाने ज्यावर माया केली ती त्या हरवलेल्या, स्वस्त, वार्निश लावलेल्या कागदांवरच. रविवर्म्यांना कर्जात लोटणारे आणि घराघरांत नेणारे कागद तेच होते. गिधाडासारख्या अशुभ मानल्या गेलेल्या पक्ष्याला त्यांनी या कागदांवर मानाची जागा दिली आणि रामाने ज्याच्यावर पुत्राप्रमाणे अंत्यसंस्कार केले त्या जटायूचे दुःख लोकांना आपल्या घरच्यासारखे वाटू लागले. टाकेदला जाणारा भाविक कुंडाच्या पाण्याला हात लावताना ज्या जखमी पक्ष्याची आठवण काढतो, त्याची पिसे या चित्रकाराने रंगवलेली आहेत.